तुम्ही मराठवाड्याच्या वाटत नाही हो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर वेळी प्रश्न तोच असतो. मी रेडिओवर बोलते आणि स्टेजवर निवेदन करते. कार्यक्रम संपलेला असतो, मी एका हातात निवेदनाचे कागद आणि दुसऱ्या हातात सत्काराचा नारळ घेऊन स्टेजच्या पायऱ्या उतरत असते, आणि कोणीतरी पुढं येऊन म्हणतं, "मॅडम, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का? बोलण्यावरून मराठवाड्याच्या वाटत नाही हो." मी म्हणते गंगाखेडकडची. मग समोरचा "काय सांगता!" म्हणतो, जसं काही मी परीक्षेत पहिली आलेय. विचारणारा बहुतेक वेळा स्वतः सेलूचा नाहीतर वसमतचा, म्हणजे मराठवाड्याचाच असतो, ही त्यातली गंमत.

आधी मला भारी वाटायचं. आता थँक्यू म्हणते आणि पुढं सरकते, कारण खरं उत्तर द्यायला चहाएवढा तरी वेळ लागतो आणि मागं साउंडवाला वायर गुंडाळत माइक मागत असतो. म्हणून इथं लिहून टाकते.

आमच्या घरात रेडिओ चुलीच्या खोलीतल्या खुंटीला लटकवलेला असायचा. सकाळी ती आकाशवाणीची धून वाजली की आई उठायची. (ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसाने बांधली, युरोपातून जीव वाचवायला मुंबईत आलेला ज्यू संगीतकार, आणि आधार शिवरंजनी रागाचा, हे मला लई उशिरा कळलं. तोपर्यंत मला वाटायचं ती चूल पेटवायची धून आहे.) मग परभणी केंद्र, 1305 किलोहर्ट्झ, भक्तिगीतं, आणि 7 वाजून 5 मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या. बातम्या देणाऱ्या सुधा नरवणेंचं नाव कानावर पडलं की वडील हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. बाजारभाव लागले की पुन्हा एकदा गप्प बसवायचे. मी तव्हाच ठरवलं असं काही नाही, उगाच खोटं कशाला सांगू. मला शिक्षिका व्हायचं होतं. डीएडला नंबर लागला नाही, लग्न झालं, आणि 1998 मध्ये नवऱ्याने पेपरातली नैमित्तिक उद्घोषकांची जाहिरात कापून आणली. नैमित्तिक म्हणजे कॅज्युअल, महिन्याला 6 ड्युट्या, तेवढ्याच दिवसांचे पैसे. कोणतं केंद्र ते सांगत नाही, पुढं थोडी तक्रार येणार आहे.

लेखी झाली. मग आवाजाची चाचणी. एका बंद खोलीत बसवलं, भिंतीला भोकाभोकांचे बोर्ड, पंखा नाही कारण त्याचा आवाज माइकमध्ये येतो, समोर काच आणि काचेपलीकडं तिघं बसलेले. मी कागद वाचायला सुरुवात केली, पिण्याच्या पाण्याच्या टंचाईवर होता. दुसऱ्याच ओळीत टॉकबॅकवरून, म्हणजे काचेपलीकडून बोलायच्या स्पीकरवरून, आवाज आला, "थांबा. काय म्हणालात?" मी म्हणलं, "पानी." "पुन्हा म्हणा." "पानी." काचेपलीकडं एकजण खाली बघून हसला. मला कळेनाच काय चुकलं. माझ्या कानाला दोन्ही एकच होतं हो, आमच्याकडं पानी, लोनी, फनी, कोन आलं, कोन गेलं, ण फक्त शाळेच्या पुस्तकात, वाचताना डोळ्याला दिसणारा, जिभेला कधी न लागलेला.

त्या वेळी नापास झाले. दुसऱ्या वेळेसाठी सहा महिने होते. मी एक यादी केली, पणती, चाळणी, गोणी, विहीण, बाण, प्राण, आणि ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर चिकटवली. ण म्हणायला जिभेचं टोक मागं वळवून टाळूला टेकवावं लागतं, न ला ते दाताच्या मुळाशीच राहतं, इतकाच फरक. पण वीस-बावीस वर्षं पुढंच टेकायची सवय असलेली जीभ मागं वळवणं म्हणजे बैलाला उलटं चालवणं. भाकरी थापत थापत चाळणी, चाळणी, चाळणी. सासूबाई म्हणाल्या, "चाळणी हितंच हाय की, घे." मग च. चहातला च वेगळा, चाऱ्यातला वेगळा, हे मात्र आपोआप येत होतं. आणि आमच्याकडं निजामाच्या काळापासून उर्दू कानावर असल्यामुळं गझल, ज़मीन, फ़र्माइश हे उच्चार मला इतरांपेक्षा बरे जमायचे, दुसऱ्या चाचणीत त्याचे मार्क मिळाले असावेत.

पास झाले. आणि पहिल्याच ड्युटीला, लाल दिवा लागला, फेडर म्हणजे माइकचा आवाज वाढवायची पट्टी वर गेली, क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमांच्या यादीवर, लिहिलं होतं जुनी गाणी, आणि मी अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं, "आता ऐकूया जुणी गाणी." ण इतका पक्का बसला होता की तो न च्या पण घरात घुसला. त्याच सभेत मी 'वणस्पती' पण म्हणले. (रेडिओत सकाळ, दुपार, रात्रीच्या प्रसारणाला सभा म्हणतात, नवीन लोकांना वाटतं भाषण आहे.) काचेपलीकडच्या इंजिनिअरने टेबलावर डोकं ठेवलं. मला वाटलं झोप आली असेल.

पण माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. आईला आधीच निरोप दिला होता की अमुक दिवशी दुपारी रेडिओ लाव. संध्याकाळी एसटीडीवरून शेजाऱ्यांच्या घरी फोन केला, आईला बोलावलं, विचारलं, ऐकलंस का? ती म्हणाली, "न्हाई बाई, वाट बघितली, तू आलीच न्हाईस. कोनची तरी पुन्याची बाई बोलायली व्हती, मी आपली शेंगा फोडीत बसले."

म्हणजे आता तुम्ही विचारता तो प्रश्न मला सगळ्यात आधी माझ्या आईने विचारलाय.

टीव्हीचं थोडक्यात सांगते, कारण सगळ्यांना त्याचीच हौस. तव्हा गावोगावी केबलवाल्यांचे लोकल चॅनल निघाले होते, त्यावर रोज रात्री शहराच्या बातम्या. चार-पाच वर्षं मी त्या वाचल्या. केबलवाल्याच्या गच्चीवरची पत्र्याची खोली, मागं निळा पडदा, दोन हॅलोजन, आणि टेलिप्रॉम्प्टर कशाला म्हणतात ते पण माहीत नव्हतं, हातात कागद धरायचा आणि वाक्य संपायच्या आत वर बघायचं. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनला बातम्या द्यायच्या तव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या असं सांगतात. आमच्याकडं वर काठापदराची साडी आणि टेबलाखाली पायात स्लिपर, उन्हाळ्यात पाय पाण्याच्या बादलीत. प्रदीप भिडे माझा आदर्श. 1974 पासून त्यांनी दूरदर्शनवर बातम्या दिल्या, 2022 मध्ये गेले, आणि त्या आवाजात घाई म्हणून कधी ऐकली नाही. मी त्यांची नक्कल करायला जायचे आणि नळाला पाणी चार दिवसांनी येणार ही बातमी पंतप्रधानांच्या शपथविधीसारखी वाचायचे. भाजी बाजारात लोक ओळखायला लागले एवढंच. "टीव्हीवरल्या ताई" म्हणून कोथिंबीर फुकट मिळायची, ते खोटं कशाला बोलू. पण तिथं पण "काय शुद्ध बोलता हो ताई", तेच.

आता हे 'शुद्ध'. जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे माझ्याच गावाकडच्या. नामदेव नरसीचे. नाथ पैठणचे, ज्ञानेश्वरांचं मूळ घर आपेगावला, मुकुंदराज आणि दासोपंत अंबाजोगाईला. मराठीची एवढी माणसं ह्या गोदावरीच्या अंगाखांद्यावर, आणि आम्हाला शाबासकी कशाची, तर तुम्ही इकडच्या वाटत नाही ह्याची. मी चिडते आणि मग गप्प बसते, कारण पिठाच्या डब्यावर यादी चिकटवणारी मीच होते. आणि प्रमाण भाषेच्या मी विरोधात पण नाही. बातमी कोल्हापूरच्या आणि किनवटच्या माणसाला सारखीच कळायला पाहिजे, त्याला एक ठरलेली भाषा लागतेच. पण ती सगळ्यांना कळते असं धरून चालायचं, तिथं घोळ आहे.

तो घोळ मला 2014 ला दिसला. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च, मराठवाड्यात गारपीट झाली ते साल, गहू, ज्वारी, हरभरा झोपला, द्राक्षं गेली, आंब्याचा मोहर गेला. माझी दुपारची ड्युटी होती. सूचनेचा कागद आला. त्यावर होतं, "मेघगर्जनेसह पर्जन्यवृष्टीची शक्यता असून नागरिकांनी उंच वृक्षांचा आश्रय घेणे टाळावे तसेच पशुधन सुरक्षित स्थळी स्थलांतरित करावे." मी वाचलं. सगळे ण जागच्या जागी. गाणं लावलं आणि ड्युटी रूमचा फोन वाजला, मला निरोप द्यायला शिपाई आला, कोणी बाई आहे, तुमच्याशीच बोलायचं म्हणते. गाणं चार मिनिटांचं होतं, पळत गेले.

"बाई, तुम्ही आत्ता काय सांगायलाव ते समजंना. पाऊस येणार हाय का न्हाई? आमी रानात हाव, बैलं लिंबाखाली बांधल्यालेत."

मी तिला सांगितलं. परत येऊन खुर्चीत बसले, गाण्याचं शेवटचं कडवं चालू होतं, कागद समोर तसाच. आणि फेडर वर करून मी म्हणले, "रानात जे कोणी असतील त्यायनी ऐका. विजा कडाडायल्या तर झाडाखाली थांबू नका. लिंबाखाली बैलं बांधली असतील तर सोडा त्यायला, घराकडं आणा. लेकरायला आत घ्या. आभाळ भरून आलं की वाट बघत बसू नका, निघा." पंधरा वर्षं झाली होती त्या माइकसमोर, आणि हात असे थरथरायले होते जसं काही पहिलीच ड्युटी.

त्याचा रिमार्क आला. रजिस्टरमध्ये लाल पेनाने, "उद्घोषिकेने संहितेबाहेर निवेदन केले, भाषा प्रसारणास अयोग्य." मी खाली सही केली. लेखी खुलासा पण दिला, तो मात्र एकदम शुद्ध भाषेत. पुढच्या महिन्यात मला 6 च्या जागी 4 ड्युट्या लागल्या, कारण कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या दिवशी ड्युटी संपवून बाहेर आले तर मोबाईलवर आईचे पाच मिसकॉल. मी घाबरून फोन लावला. ती म्हणाली, "बैलं सोडले बघ, तुह्या बापाने आनले घरला. अन तू कुठं हाईस? खिडकीपाशी बसू नको." गारा पडायला लागल्या तसा तिकडं पत्र्याचा आवाज इतका वाढला की पुढचं काही ऐकू आलं नाही.

आता केंद्रावर टेप जाऊन कॉम्प्युटर आलेत, अर्धे लोक मोबाईलच्या ॲपवर ऐकतात, आमच्याच बोलीत रील करणाऱ्या पोरायला लाखांनी बघतात आणि तीच पोरं माझ्याकडं येऊन "मॅडम, शुद्ध बोलायला शिकवा, अँकरिंगची ऑर्डर मिळत नाही" म्हणतात. शिकवते. चाळणी, गोणी, विहीण. फी घेते.

हवामानाचा कागद मात्र अजून तसाच येतो, उंच वृक्ष, पशुधन, स्थलांतर. मी दोनदा वाचते. एकदा कागदावरचं, एक अक्षर इकडंतिकडं न करता, आणि मग आमच्याकडचं. दुसऱ्या वेळेला वीसेक सेकंद जास्त जातात, तेवढी मागाहूनची धून कमी वाजवते.