आमची वाटचाल : सोलापुरी टॉवेल ते गाडीचा टॉवेल

आमचं घर टॉवेलवरच उभं राहिलं. सोलापूरच्या चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, याचा आम्हाला मनापासून अभिमान वाटतो. वडिलांच्या मागावर सुती टॉवेलच निघायचे आणि गाड्या चमकवणारी गिऱ्हाइकं तेच वॅक्स, म्हणजे गाडीला चकाकीसाठी लावलेलं मेण, पुसायला न्यायची. अंग पुसायला सुताला तोड नाही. पण वाळलेलं वॅक्स त्याने घासलं की काळ्या गाडीवर उन्हात बारीक गोल ओरखडे दिसायचे. तक्रार खरी होती, म्हणून मी मायक्रोफायबरकडे वळलो.

हे कापड पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचं. धागा केसाहून कितीतरी बारीक आणि तोही चिरलेला, त्यामुळे वॅक्सचा पांढरट थर तो उचलून आत धरतो. बाजारात ८०:२० प्रमाण सर्रास मिळतं. शेवटच्या हाताला मी ७०:३०च देतो, ते जास्त मऊ लागतं.

दुकानात येणारा प्रत्येक जण आधी म्हणतो, ‘सगळ्यात जाड दाखवा.’ जाड टॉवेल पाणी टिपायला घ्या. वॅक्ससाठी पहिला हात आखूड लवेच्या, ३०० ते ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) टॉवेलचा. बराचसा थर तोच काढतो. राहिलेला धूसरपणा घालवायला दुसरा, लांब लवेचा, ५०० च्या आसपासचा. चौपदरी घडी घातली की आठ बाजू मिळतात. सीलंट, म्हणजे पेंटवरचा कृत्रिम संरक्षक थर, पुसताना तर बाजू पटापट बदलावीच लागते. सिरॅमिक कोटिंग (पेंटवर कडक होऊन बसणारा संरक्षक लेप) पुसलेला टॉवेल मात्र परत पेंटला लावू नका, राहिलेलं कोटिंग त्यात कडक होतं.

माझा खरा जीव काठात अडकलेला असतो. कापड कितीही मऊ असो, ओव्हरलॉकचा, म्हणजे काठ उसवू नये म्हणून घातलेल्या शिलाईचा, दोरा टणक असला की तोच पेंटवर रेघ ओढतो. म्हणून वॅक्सच्या टॉवेलला आम्ही शिलाईच करत नाही, काठ अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिकंपनांनी कापणाऱ्या, मशीनवर कापून घेतो. लेबलही शिवत नाही, कागदाचा पट्टा गुंडाळतो. नवा तागा आला की त्याचा कोपरा जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर दाबून घासतो आणि ती उजेडात तिरकी धरतो. एक जरी चरा दिसला तरी तागा परत जातो, भाव कितीही चांगला असो.

प्रत्येक पाकिटात धुण्याची चिठ्ठी असते : सुती कपड्यांपासून वेगळे, कोमट पाण्यात, सॉफ्टनरशिवाय. सॉफ्टनरचा थर धाग्यावर बसला की टॉवेल वॅक्स उचलत नाही. सुती माग आजही चालू आहेत, पण तो माल गाडीसाठी मागितला तर आम्ही देत नाही.