पोटात गोळा येतो तेव्हा आत काय चाललेलं असतं

रात्री २ वाजता फोन वाजतो. स्क्रीनवर गावाकडच्या काकांचं नाव. उचलायच्या आधीच छातीत धस्स होतं, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो.

मराठीतले हे वाक्प्रचार शब्दशः खरे आहेत. ताण आला की मेंदूचा इशारा मज्जातंतूंवाटे क्षणात हृदयापर्यंत पोचतो आणि ठोके जोरात पडू लागतात, ते धस्स. लाळ कमी आणि चिकट होते, ती कोरड. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून तळहात गार. जठराचं काम मंदावतं, मोठ्या आतड्याचं मात्र वाढतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी तीन-तीनदा संडासला पळावं लागतं ते यामुळेच. अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू आखडल्याने.

त्याच वेळी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात येतं. एकेका ग्रंथीचं वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. पण यकृत साठवलेली साखर सोडतं, श्वासनलिका रुंदावतात, जखम झालीच तर रक्त लवकर गोठावं म्हणून प्लेटलेट या रक्तातल्या बारीक कणिका चिकट होतात. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ‘लढा नाहीतर पळा’ म्हणून मांडली ती हीच तयारी. ॲड्रेनलिन रक्तात २-३ मिनिटांत निम्म्यावर येतं. फोन चुकून लागला होता असं कळलं, तर थोड्याच वेळात हात पुन्हा ऊबदार होतात. धडधाकट माणसाला ही लाट सहज पेलते, तिची धास्ती घेऊ नये.

दुसरी लाट सावकाश येते. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी ॲड्रिनलच्या बाहेरच्या थराला, आणि तिथून कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक सुटतं. ते शिगेला पोचायला २०-३० मिनिटं लागतात आणि निम्मं व्हायला तास-दीड तास. काकांचा फोन ठेवून अर्धा तास झाला तरी डोळा लागत नाही, त्यात याचा वाटा मोठा. या यंत्रणेला ब्रेकही आहे: कॉर्टिसॉल मेंदूत पोचलं की तेच ‘आता पुरे’ असा निरोप देतं आणि पुढचा पुरवठा थांबतो. रोजचा क्रमही ठरलेला असतो. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी.

हा ब्रेक झिजतो कधी? इशारा रोज, महिनोन्‌महिने येत राहिला तर. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर त्याचं सगळं करणाऱ्या सुनेला, मुलीला, बायकोला विचारा. तिच्यासाठी तो रात्रीचा फोन रोजच वाजत असतो. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या इतर १३ बायका घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर ३.५ मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्यांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. जखम साफ करून नवी पेशी उभारायची तर प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे वेळेवर जमाव्या लागतात. लांबलेल्या ताणात त्या उशिरा जमतात.

बाकीची लक्षणं ओळखीची आहेत: रक्तदाब, पोटावरची चरबी, वाढलेली साखर, अनियमित पाळी, सारखी सर्दी. केसांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. मोठ्या ताणानंतर केस लगेच गळत नाहीत, २-३ महिन्यांनी मूठ-मूठ गळतात. तोवर ताणाचं कारण विसरलेलं असतं, त्यामुळे दोष तेलाला नाहीतर बोअरच्या पाण्याला जातो. कारण एकदाच घडून गेलेलं असेल, तर हे केस बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप परत येतात.

ताण मोजायचा म्हणून कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून पैसे घालवू नका. ती ॲड्रिनलचे आजार शोधायला उपयोगी पडते. लांबलेल्या ताणात कॉर्टिसॉल नेहमी वाढलेलंच सापडतं असं नाही. कित्येकदा सकाळचा चढ बसका होतो आणि रात्रीचा उतार अर्धवट राहतो. सकाळी ८ च्या एका थेंबात ते दिसणार कसं? त्यापेक्षा घरी रक्तदाब मोजा: आधी अर्धा तास चहा नाही, ५ मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, दंड हृदयाच्या पातळीत, बोलायचं नाही. आठवडाभराची सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या लाटेवर श्वास लागू पडतो, पण तो नीट घेतला तर. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास, असं ५ मिनिटं. उच्छ्वासाच्या वेळी मेंदूकडून हृदयाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू हृदयाचा वेग कमी करतो, म्हणून बाहेर सोडणं लांबवायचं. इथे लोक चुकतात ते भराभर मोठे श्वास ओढून. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि घाबरगुंडी वाढते. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नका. दमा किंवा हृदयविकार असेल तर तो अंगावर शेकतो. छातीत दाब, दंडाकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, गार घाम असेल तर श्वासाचे प्रयोग सोडा आणि १०८ ला फोन लावा.

ॲड्रेनलिनने सोडलेली साखर स्नायूंसाठी असते, तेव्हा ती स्नायूंनाच वापरू द्या: १० मिनिटं झपझप चाला किंवा जिने चढा. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण ५ तास घेतं. संध्याकाळी ५ चा चहा रात्री १० ला अर्धा अंगात असतो. उठायची वेळ मात्र रोज तीच ठेवा, झोप कमी झालेल्या दिवशीसुद्धा.

आणि त्या सुनेला प्राणायाम शिकवण्याआधी तिची रात्र वाटून घ्या. रात्री कूस बदलायला, पाणी द्यायला, डायपर बघायला उठणारं माणूस रोज तेच नको. एका रात्री ती, दुसऱ्या रात्री मुलगा किंवा नवरा, आणि ज्या रात्री तिची पाळी नाही त्या रात्री तिने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. त्याच खोलीत झोपली तर प्रत्येक कण्हण्याला तिला जाग येणारच. एवढं करूनही दोन आठवडे झोप, भूक आणि मन ताळ्यावर येत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीत बोलता येतं. फोनला पैसे पडत नाहीत.