आजींच्या चालीनं

पुणे ते सासवड हा माऊलींच्या पालखीचा फार लांबचा टप्पा, 30 किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात, एवढा तो चढ.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक आजी होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर तुळस. घाट लागला तसा मी त्यांचा दंड धरला. "आजी, गाडीत बसता का?"

"हात सोड बाई. माझ्यासंगं यायचं तर माझ्या चालीनं चाल."

मला लागलं ते. पण पावलं आवरली, तेव्हा कळलं की सकाळपासून त्यांच्याशी कुणी धड बोललंच नव्हतं. जो तो "सांभाळून, माऊली" म्हणत पुढं सटकत होता. वरच्या वळणापर्यंत त्यांनी मला धाकट्या लेकीच्या बाळंतपणाची सगळी हकीकत सांगितली.

दिंडीत मामाबरोबर आलेला सोळा वर्षांचा एक मुलगा होता. दहावीत नापास झालेला. मामानं ते सगळ्यांना सांगून ठेवलेलं. तो तोंड उघडत नसे, म्हणून मीही त्याला उद्धट ठरवून मोकळी झाले होते. सासवडला राहुटीत तो बूट काढेना. आजींनी बरोबर ओळखलं. दोन्ही टाचांवर लिंबाएवढे फोड! त्यांनी पाय मांडीवर घेतला, तसा तो ओशाळून मागं सरला.

"आजी, पाय लागतोय तुम्हाला."

"हितं समदे माऊलीच. बस गप."

सुई ज्योतीवर धरली, फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढली आणि दोरा आतच ठेवला, म्हणजे रात्रभर पाणी झिरपत राहतं. निकालाचं अवाक्षर नाही. घरी म्हशी किती, एवढंच विचारलं. पोरगा बोलायला लागला, तो थांबेचना.

पलीकडे आठ महिन्यांचं एक बाळ होतं. आई जेवेस्तोवर ते पाचजणींच्या मांडीवरून फिरलं. त्यालाही सगळे माऊलीच म्हणत होते. हाक सगळ्यांना एकच, पण कुणाला काय हवंय ते ज्याचं त्याचं ओळखावं लागतं. मला ते आजींसारखं जमत नाही.

दिवे मालवायच्या वेळी माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. टाचांच्या भेगांत घाटाची माती बसली होती. कोमट पाणी आणलं, धुतली, खोबरेल चोळलं. दुसरा पाय हातात घेतला, तोवर आजींना झोप लागली होती.