पिवळी रेघ

गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची वरची पट्टी चार महिन्यांत दुसऱ्यांदा तुटून आली, तेव्हा मी मोकळेपणाने पट्टी बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या.

गिऱ्हाइकाची तक्रार एवढीच, की बेल्ट किंचाळतो आणि बॅटरीचा लाल दिवा लुकलुकतो. पट्टी ताण द्यायच्या खाचेच्या टोकाशी तुटली होती. तुटलेलं तोंड उजेडात धरलं. अर्ध्याहून जास्त भाग गंजून काळपट, उरलेला कोपरा करकरीत चमकणारा. म्हणजे एका झटक्यात गेली नव्हती. चीर बरेच दिवस सरकत होती.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची, हे पोराला अजून रोज सांगावं लागतं. अल्टरनेटरमागच्या जाड वायरला थेट बॅटरीचा करंट असतो, तिथून पाना बॉडीला टेकला की वेल्डिंगच.

नवी पट्टी लावताना भोकं आपसूक जुळली पाहिजेत. पहार घालून जुळवली, तर पट्टी पहिल्या दिवसापासून ताणात. बहुतेक जण पहारच घालतात. इथे भोकं जुळेनात. मी पहारीकडे हात नेला, तेवढ्यात पोरगं अल्टरनेटर हातानं हलवत म्हणालं, "उस्ताद, हा खालूनच डुलतोय."

खालचा बोल्ट काढला. भोक १० मिलिमीटरचं, बोल्ट ८चा. अल्टरनेटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कान, म्हणजे बोल्ट जायचा भोकाचा भाग, झिजून भोक अंडाकृती झालेलं. खरं तर अल्टरनेटरचं ओझं खालच्या बोल्टनं पेलायचं, पट्टीनं फक्त बेल्टचा ताण धरायचा. इथे सगळे धक्के ती बिचारी एकटी खात होती. आणि चार महिन्यांपूर्वी मी खाली वाकून पाहिलंसुद्धा नव्हतं.

"कुठल्या गाढवानं हा बोल्ट घातला?" असं म्हणत मी त्याची मुंडी चिंधीनं पुसली. ग्रीसखाली पिवळी रेघ निघाली.

घट्ट केलेल्या बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारायची सवय आमच्या गॅरेजात फक्त मला आहे. दोन वर्षांपूर्वी याच गाडीच्या अल्टरनेटरचं बेअरिंग मी बदललं होतं. मूळ बोल्टचे आटे गेले असतील, हाताला ८चा लागला असेल, उद्या बदलू म्हटलं असेन. नीट आठवत नाही, हेच जास्त टोचतं. तात्पुरत्या बोल्टवर कुणी रेघ मारतं का?

लेथवाल्याकडून कानाच्या भोकात स्टीलचा बुश, म्हणजे छोटी नळी, बसवून आणला, १०चा बोल्ट घातला. पट्टी बोटानं बसली. बेल्टच्या पुलींवर सरळ मोजपट्टी टेकवून त्या एका रांगेत आहेत का पाहिलं, अंगठ्यानं बेल्ट १० मिलिमीटर दबतो का तपासलं. इंजिन चालू, मीटरवर १४.२ व्होल्ट.

मजुरी घेतली नाही. "असे मिस्त्री राहिले नाहीत हो आता," गिऱ्हाईक म्हणालं. पोरगं खाली मान घालून पाने पुसत होतं. रेघ त्यानंही पाहिली होती.