पिस्तुलाचा ट्रिगर बदलला, आता तो खरंच चांगला आहे का हे कसं बघायचं

मागच्या आठवड्यात रेंजवर एक मित्र नवा ट्रिगर बसवलेलं पिस्तूल घेऊन आला, मॅगझीन काढलं, चेंबर दोनदा दाखवलं आणि म्हणाला घे, दाबून बघ. दाबलं. खरंच छान वाटलं, काच तुटावी तसा कट्कन ब्रेक (म्हणजे ट्रिगर सुटायचा क्षण), आधीच्या कंपनी ट्रिगरसारखं रबर ओढल्यासारखं काही नाही. मग त्याने टार्गेट लावलं, दहा गोळ्या मारल्या, आणि दहाच्या दहा खाली डावीकडे, म्हणजे जुन्या ट्रिगरवर जिथे जात होत्या तिथेच. तो जरा हिरमुसला आणि मला विचारलं की मग हा ट्रिगर चांगला की वाईट? त्याला तिथे उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवटच होतं, म्हणून आता नीट लिहितोय.

गेल्या दहा वर्षांत मी माझ्या पिस्तुलांवर चार वेळा ट्रिगर बदललाय, त्यातले दोन राहिले आणि दोन काढून टाकले. काढलेले दोन्ही हातात घेतल्यावर राहिलेल्यांपेक्षा भारी वाटायचे.

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो वजनाचा, किती किलोला सुटतो. ग्लॉकसारख्या स्ट्रायकरवाल्या (म्हणजे बाहेरच्या हॅमरऐवजी आतली स्प्रिंगवाली पिन आपटून गोळी फोडणाऱ्या) पिस्तुलाचा ट्रिगर फॅक्टरीतून साधारण अडीच किलोच्या आसपास येतो, आणि जाहिरातीत दीड-पावणेदोन किलो वाचलं की लगेच घ्यावासा वाटतो. पण तो आकडा मोजला कसा हे कुणी विचारत नाही. ट्रिगर वरच्या पिनवर फिरतो, म्हणजे तो एक लिव्हर आहे, वजन मोजायच्या गेजचा हूक पात्यावर, म्हणजे बोट टेकतं त्या भागावर, जरा खाली लावला की तोच ट्रिगर हलका दिसतो आणि वर लावला की जड. म्हणून मी पात्यावर पेनाने बारीक खूण करतो, बोट नेमकं जिथे बसतं तिथे, आणि दहा वेळा तिथेच हूक लावून मोजतो. आणि मग सरासरीपेक्षा जास्त लक्ष देतो फरकाकडे. माझ्या एका पिस्तुलावर जुना ट्रिगर २३५० ते २६०० ग्रॅममध्ये सुटायचा, नवा बसवल्यावर सरासरी छान १७०० आली पण एकदा १४५० आणि एकदा २००० असं चाललेलं. बोटाला पुढचा ब्रेक कधी येणार हे कळतच नाही. अडीच किलोचा पण दर वेळी तिथेच सुटणारा ट्रिगर मला त्याच्यापेक्षा केव्हाही चालेल. तो काढलेल्या दोनांपैकी पहिला.

वजन बाजूला ठेवून डोळे मिटून, रिकाम्या पिस्तुलावर, अगदी सावकाश दाबून बघा. आधी थोडं मोकळं अंतर जातं, ते टेक-अप. मग बोटाला अडतं, ती वॉल. वॉलपासून सुटेपर्यंत काही सरकतंय का, सरकत असेल तर खरखरीत सरकतंय की गुळगुळीत? मग ब्रेक, त्यानंतर ट्रिगर किती मागे जातो ते ओव्हरट्रॅव्हल, आणि बोट पुढे सोडताना कुठे क्लिक होतं तो रीसेट. यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वॉल. वॉल स्पष्ट असेल तर मी तिथे थांबून साइट परत जुळवू शकतो आणि मग उरलेला जोर लावतो. वॉल दर वेळी वेगळ्या जागी आली तर बाकी सगळं कितीही छान असू दे, माझ्या काही कामाचं नाही. रीसेटचं कौतुक जरा जास्तच होतं असं माझं मत आहे, आवाज मोठा आला म्हणजे रीसेट चांगला असं नसतं, जोरात मारताना बरेच जण बोट रीसेटच्या कितीतरी पुढे सोडतातच.

सपाट पात्याच्या ट्रिगरबद्दल खूप विचारणा होते. त्याचं गणितही लिव्हरचंच आहे. सपाट पात्यावर बोट साहजिकच जरा खाली सरकतं, लिव्हर लांबतो आणि ट्रिगर हलका वाटतो, आत एकही स्प्रिंग बदललेली नसताना. याला मी फसवणूक म्हणणार नाही, फायदा खरा आहे, फक्त तो कशामुळे मिळाला हे माहीत असावं. माझ्या बाबतीत सपाट पातं टिकलं त्याचं कारण वेगळंच होतं, जुन्या वाकड्या पात्यातलं मधलं जिभेसारखं सेफ्टी टॅब दोनशे ड्राय फायरनंतर (रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर दाबायचा सराव) बोटाच्या पेराला टोचायचं, तिथे लाल वळ उठायचा आणि मग नकळत मी बोट वाकडं ठेवायला लागलो होतो. हात लहान असो की मोठा, पातं जिथे सुटतं ती जागाही बघा. काही पाती ब्रेकची जागा बरीच मागे नेतात आणि लांब बोटवाल्याचं बोट शेवटी ग्रिपला टेकतं.

आता स्प्रिंगा. हलकेपणा खरा येतो तो बहुतेक इथून, आणि सगळी दुखणीही इथूनच सुरू होतात. ग्लॉक पद्धतीच्या रचनेत ट्रिगर दाबताना तुम्ही स्ट्रायकरची आधीच अर्धवट ताणलेली स्प्रिंग उरलेली मागे ओढत असता, म्हणून ती हलकी केली की ट्रिगर हलका होतो. गंमत अशी की नेहमीची ट्रिगर स्प्रिंग तुमच्या बोटाला मदत करत असते, त्यामुळे ती जास्त कडक टाकली तर ट्रिगर अजून हलका होतो, आणि हे ऐकून नवे लोक हमखास गोंधळतात. पण स्ट्रायकर स्प्रिंग हलकी म्हणजे प्रायमरवर, गोळीच्या तळाशी फटक्याने पेटणाऱ्या टोपीवर, फटकाही हलका. मी काढलेल्या दुसऱ्या किटचं हेच झालं. एका नव्या डब्यातल्या पहिल्या पन्नास गोळ्यांत दोन फुटल्याच नाहीत. नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबलो, कारण क्वचित गोळी उशिरानेही फुटते, मग स्लाइड ओढून गोळी बाहेर काढली. उन्हात तिरकी धरून बघितली तर प्रायमरवर उथळसा ठसा, जेमतेम नखाने दाबल्यासारखा. शेजारी फुटलेलं कवच ठेवलं, त्यावर चांगला खोल खळगा. दोन्ही तळहातावर घेऊन बघितल्यावर कुठल्या रिव्ह्यूची गरज उरली नाही. आणि हे किट बसवून आधी मऊ प्रायमरच्या गोळ्यांवर दीडशे राऊंड बिनबोभाट गेले होते हे मुद्दाम सांगतो, कडक प्रायमरचा हा डबा उघडला तेव्हा लपलेलं बाहेर आलं. त्यामुळे नवीन ट्रिगरची चाचणी एकाच प्रकारच्या गोळ्यांवर संपवू नका.

यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचाय. ट्रिगर म्हणजे नुसतं पातं नाही, पिस्तूल पडलं तर गोळी सुटू नये याची व्यवस्थाही त्याच साखळीत असते. २०१७ मध्ये सिग सावरच्या पी३२० चा विषय गाजला होता तो आठवत असेल, एका विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडल्यावर गोळी सुटू शकते असं दिसलं आणि कंपनीने अपग्रेड जाहीर केलं, त्यात ट्रिगरचं पातंच जास्त हलकं करून दिलं. हलकं म्हणजे ओढायला नव्हे, वस्तू म्हणून वजनाला हलकं. कारण साधं आहे, पिस्तूल मागच्या टोकावर आदळून थांबतं तेव्हा ट्रिगर मात्र आपल्या वजनाने मागे जातच राहतो, जणू कुणी दाबला. पातं जितकं जड तितका जोर जास्त. मधलं टॅब असतं ते बऱ्याच अंशी याचसाठी, बोटाने टॅब दाबल्याशिवाय पातं मागे जाऊच शकत नाही. म्हणून कुणी प्लास्टिकच्या जागी जाड धातूचं पातं देत असेल आणि वर टॅबही काढलं असेल तर मी ते हातात घेत नाही, ब्रेक कितीही गोड असू दे.

प्री-ट्रॅव्हल (म्हणजे टेक-अपच) आणि ओव्हरट्रॅव्हलचे स्क्रू असलेले ट्रिगर येतात, तिथेही हेच. टेक-अप बोटाला निरुपयोगी वाटतं, पण कित्येक पिस्तुलांत त्याच अंतरात फायरिंग पिनचा ब्लॉक, म्हणजे पिनला पुढे जाऊ न देणारा अडसर, उचलला जातो. स्क्रू पिळून ते अंतर खाऊन टाकलं तर बोट लागायच्या आधीच ब्लॉक अर्धा उघडा राहू शकतो. आणि ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू अगदी घट्ट बसवला तर घाण साचल्यावर ट्रिगर ब्रेकपर्यंत पोचतच नाही, पिस्तूल ऐनवेळी गप्प. मी ते स्क्रू असलेलं काही घेतच नाही.

बसवून झाल्यावर मी जे तपासतो ते प्रत्येक वेळी तपासतो, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. पात्याला दोन्ही कडांनी धरून टॅब न दाबता मागे ओढायचं, जायला नको. ट्रिगर दाबून धरून स्लाइड मागे ओढून सोडायची, मग बोट हळूहळू सोडायचं, रीसेट यायलाच हवा आणि परत दाबल्यावर सुटायला हवा. स्लाइड काढून स्ट्रायकर पुढे ढकलायचा, ब्लॉक दाबलेला नसेल तर टोक बाहेर डोकावता कामा नये. स्लाइड जोरात पुढे सोडताना स्ट्रायकर आपोआप सुटत नाही ना हे वीसेक वेळा. यातलं एक जरी चुकलं तर ते पिस्तूल थेट आर्मररकडे, म्हणजे पिस्तूल दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे, जातं, मी स्वतः कानस घेऊन बसत नाही. नाइन्टीन इलेव्हन (१९११) या हॅमरवाल्या पिस्तुलाच्या सीअरला, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या तुकड्याला, घासून गुळगुळीत करायचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण कडक केलेला वरचा थर गेला की खालचा मऊ धातू झिजतो आणि एक दिवस स्लाइडच्या मागोमाग हॅमरही खाली येतो. रिव्हॉल्व्हरबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळाच प्रकार आहे.

स्पर्धा खेळत असाल तर आधी नियम वाचा, मग ट्रिगर निवडा. आयएसएसएफमध्ये (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटर पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम, आणि तपासतात ते नळी उभी धरून वजन उचलून. नेमका १००० ला लावलेला ट्रिगर महिनाभराने ९८० ला सुटला तर तुम्ही बाद, म्हणून थोडी जागा ठेवून लावतात. आणि स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलाचा ट्रिगर मी फॅक्टरीच्या वजनाखाली नेत नाही. घाबरलेल्या हाताला आपण किती दाबतोय हे कळत नाही, मी टायमरवर धावपळीनंतर मारताना हे स्वतः अनुभवलंय, रेंजवर शांतपणे जाणवणारी वॉल तेव्हा जाणवलीच नव्हती. काय बदलायला परवानगी आहे हे आपापल्या कायद्यात बघणं हेही आलंच.

मग कागद. ट्रिगर बदलायच्या आधीच, जुन्या ट्रिगरवर, पाच पाच गोळ्यांचे पाच ग्रुप १५ मीटरवर, नंतर त्याच डब्यातल्या गोळ्यांनी नव्यावर पाच. सावकाश मारलेले वेगळे, जोडीने पटापट मारलेले वेगळे, आणि काही फक्त डाव्या हाताने, कारण तिथे ट्रिगरचा फरक सगळ्यात लवकर दिसतो. कागदांवर तारीख टाकून जपून ठेवा. नुसत्या आठवणीवर गेलं तर नवी वस्तू नेहमीच चांगली वाटते.

मित्राच्या खाली डावीकडे जाणाऱ्या गोळ्यांचं कारण ट्रिगर नव्हताच. मी त्याच्या मॅगझीनमध्ये त्याच्या नकळत दोन डमी राऊंड, म्हणजे न फुटणाऱ्या खोट्या गोळ्या, मिसळले. चौथ्या वेळी डमी आला, काहीच फुटलं नाही, आणि पिस्तुलाचं नाक चांगलं बोटभर खाली गेलं. त्याने स्वतः बघितलं, काही बोलला नाही, परत लावलं. सातव्या वेळी पुन्हा तेच. उजव्या हाताने मारणारा धक्क्याच्या अपेक्षेने आधीच मूठ आवळून खाली दाबतो आणि गोळी तिकडेच जाते, दीड किलोचा ट्रिगरही ते थांबवू शकत नाही. ट्रिगर चांगला निघाला तर या सवयीतून बाहेर यायला थोडी मदत होते एवढं मी मानतो, कारण ड्राय फायर करताना वॉल नीट कळते आणि समोरची साइट हलली की लगेच दिसतं.

सध्या त्याने किटमधली हलकी स्ट्रायकर स्प्रिंग काढून कंपनीची परत टाकली आहे, पातं मात्र ठेवलंय, ते त्याच्या हाताला बसतंय हे मलाही पटलं. गेजवर आता २१०० च्या आसपास येतोय आणि दहा वेळांत फरक शंभर ग्रॅमच्या आत. रोज संध्याकाळी दहा मिनिटं ड्राय फायर, समोरच्या साइटवर नाणं ठेवून, नाणं पडलं की परत पहिल्यापासून. रविवारी परत १५ मीटर, तोच डबा, आणि मॅगझीन मी भरणार आहे.