रेडिएटर जोडणी, नोंद ४: चार मिलिमीटरची ओढ

मंडळी, गरम पाण्यावर खोली तापवणारा चौथा रेडिएटर अखेर कोरडा आहे. भरला, तापवला, रात्रभर थंड होऊ दिला, पुन्हा तापवला. नटाखाली धरलेला टिश्यू पेपर जसाच्या तसा निघाला. तिथे पोचायला परतीच्या (पाणी रेडिएटरमधून बाहेर पडतं त्या) बाजूचा एकच सांधा तीनदा करावा लागला, म्हणून ही नोंद बरीचशी त्या सांध्याचीच आहे.

जुना रेडिएटर एकेरी पत्र्याचा, ८०० मि.मी. लांब. यंत्रणा ७५ ऐवजी ५५ अंशांवर चालवायचं ठरल्यापासून तो तिथे पुरणार नाही हे दिसतच होतं. कॅटलॉगातले वॉट पाणी ७५ अंशांनी आत, ६५ अंशांनी बाहेर आणि खोली २० अंश धरून दिलेले असतात, म्हणजे सरासरी फरक ५० अंशांचा. मी ५५ आणि ४५ वर चालवणार, म्हणजे फरक उरतो ३०. उष्णता या फरकाच्या साध्या प्रमाणात घटत नाही, साधारण १.३ घाताने घटते. हिशोब केला की कॅटलॉगातल्या आकड्याच्या ५१-५२ टक्केच हातात येतात. खोलीला कडाक्याच्या थंडीत ९०० वॉट लागतात. म्हणून २२ प्रकारचा, ६०० उंच आणि ११०० लांब असा रेडिएटर घेतला: दोन पत्रे आणि मध्ये पन्हळी पट्ट्यांच्या दोन ओळी. कॅटलॉगात १,८८० वॉट, माझ्या तापमानाला सुमारे ९७०. पुरेसा आहे, आणि थोडा हात राखूनही आहे.

जुना काढताना बादलीत आलेलं पाणी शाईसारखं काळं होतं. तळाशी बसलेल्या गाळाजवळ बाहेरून लोहचुंबक फिरवला तर गाळ त्याच्या मागे मागे सरकत गेला. हा मॅग्नेटाइट, म्हणजे रेडिएटरचंच लोखंड. दर वेळी ताजं पाणी भरलं की नवा प्राणवायू आत जातो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. मोठा बदल होईपर्यंत गंजरोधक टाकायचं थांबवलं होतं, पण हा गाळ पाहिल्यावर तो विचार बदलला. सगळी लाइन धुऊन काढली आणि या भरणीलाच गंजरोधक घातलं.

आता जोडणीकडे. रेडिएटर भिंतीवर टांगायच्या आधी तो जमिनीवर घोंगडीवर आडवा ठेवून चारही टोकांची कामं उरकावीत, हे माझं पक्कं मत झालं आहे. खाली दोन्ही बाजूंना व्हॉल्व्हची शेपटी (रेडिएटरमध्ये फिरवून बसवायची आट्यांची नळी), वर एका टोकाला हवा काढायची चावी, दुसऱ्या टोकाला बूच. भिंतीवर टांगल्यावर अ‍ॅलन की फिरवायला कोपऱ्यात हात नीट जात नाही, आणि घाई होते ती तिथेच.

शेपटीचे आटे अर्धा इंच बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाईप-आट्यांचं माप. नव्याने या छंदात आलेल्यांसाठी सांगते, कॅलिपर लावून बघाल तर हा ‘अर्धा इंच’ बाहेरून २०.९५ मि.मी. भरतो. नाव पडलं ते जुन्या लोखंडी पाईपच्या आतल्या पोकळीवरून, आट्यांच्या मापावरून नाही. आट्यांचा ५५ अंशांचा कोन जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवला, तो आजही रेडिएटरच्या टोकाशी तसाच आहे. इंचाला १४ आटे, म्हणजे एका फेरीला १.८१ मि.मी. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे त्यानेच सगळा घोळ केला.

क्रोम केलेल्या शेपटीवर टेफ्लॉन टेप घसरतो. म्हणून करवतीच्या पात्याने आट्यांचे माथे हलकेच खरवडून घेतले, मग टेप. शेपटीचं उघडं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, म्हणजे आत फिरवताना टेप उलगडण्याऐवजी आवळला जातो. पुरवठ्याच्या बाजूला १२ फेरे दिले. परतीच्या बाजूला टेप संपत आला होता, नवीन गुंडाळी उघडली, ती थोडी जाड निघाली, आणि तरीही फेरे १५ दिले. ती शेपटी चांगलीच घट्ट बसली. घट्ट बसली याचंच मला समाधान होतं.

एकाच रेडिएटर व्हॉल्व्हमध्ये पाणी अडवण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती असतात, आणि त्या मिसळल्या की गळती होते. शेपटी आणि रेडिएटर यांच्यात पाणी अडतं आट्यांवर, म्हणून तिथे टेप लागतो. शेपटी आणि व्हॉल्व्ह यांच्यात घासून गुळगुळीत केलेले दोन उतार एकमेकांवर बसतात, धातूवर धातू; तिथे टेप नको, फक्त दोन्ही तोंडं स्वच्छ हवीत. आणि व्हॉल्व्ह व पाईप यांच्यात असते ती पितळी कडी, ऑलिव्ह. नट आवळला की ती दोन्ही बाजूंच्या उतारांत दाबली जाते आणि पाईपला करकचून धरते. तिथे आट्यांचं काम फक्त दाबायचं, पाणी अडवायचं नाही. या नटाच्या आट्यांवर टेप गुंडाळलेला मी खूप ठिकाणी पाहिला आहे. त्याने गळती थांबत नाही, उलट नट शेवटपर्यंत जायला अडतो.

जुने पाईप ८०० लांबीच्या रेडिएटरसाठी जमिनीतून वर आलेले होते. नवा ११००. पुरवठ्याचा पाईप होता तिथेच ठेवला आणि परतीचा ३०० मि.मी. सरकवायचं ठरवलं. फळ्यांखाली २२ मि.मी.ची मुख्य जोडी जाते, तिच्यातून टी घेऊन १५ मि.मी.ची शाखा. ही शाखा लांबवून तिच्या टोकाला नवा एल्बो, आणि एल्बोतून उभा पाईप. फळीतलं भोक पाईपपेक्षा मोठं ठेवलं, कारण तांबं तापलं की वाढतं: ५ मीटरचा तुकडा १५ वरून ५५ अंशांवर गेला की जवळजवळ साडेतीन मि.मी. भोक घट्ट असेल तर रात्री जमीन टकटक वाजत राहते.

चूक इथे झाली. भोकाची जागा मी कागदावरून काढली: रेडिएटरची लांबी, अधिक दोन्ही व्हॉल्व्हची मापं. टांगलेल्या रेडिएटरवरून ओळंबा सोडून काढली नाही. जाड टेपच्या १५ फेऱ्यांमुळे परतीची शेपटी दोन फेऱ्या कमी आत गेली होती. दोन गुणिले १.८१, म्हणजे ३.६ मि.मी. पाईप खालून वर आला आणि व्हॉल्व्हच्या तोंडापासून तेवढाच आत राहिला, चारेक मिलिमीटर.

चार मिलिमीटर म्हणजे बोटाने पाईप ढकलला की जमलं. ढकलला. नटाने आटे पकडले, दोन पाने लावले, एक व्हॉल्व्हचं अंग धरायला आणि एक नटाला. हाताने घट्ट झाल्यावर एक पूर्ण फेरी. पाणी भरून थंड असताना १.२ बारवर ठेवलं. अर्ध्या तासाने नटाखाली टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. पाव फेरी आणखी आवळला, थेंब थांबला. यंत्रणा तापवली, दिवसभर कोरडं. त्या रात्री मी निर्धास्त झोपले आणि सकाळी फळीवर रुपयाएवढा ओला डाग होता.

तापलं की बंद, थंड झालं की चालू. हे लक्षण कळायला मला वेळ लागला. तापताना पाईप वर रेटला जातो आणि सांधा दाबात राहतो. थंड होताना तो मागे जातो, आणि मी बाजूला ओढून आणलेला असल्यामुळे आपल्या मूळ जागी परत जाऊ पाहतो. कडीच्या एका बाजूचा दाब तेवढा कमी होतो. पान्याने हे सुटत नाही. जितकं आवळावं तितकी कडी तिरपी चावते.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरवून नट सोडला. कडी पाईपवर घट्ट बसलेली होती, पण चांगल्या उजेडात फिरवून पाहिली तर खिडकीकडच्या अर्ध्या भागावर चकचकीत, रुंद पट्टा होता आणि भिंतीकडच्या बाजूला केसाएवढी बारीक रेघ, मधेच तुटलेली. पाईपचं टोकही सगळीकडे सारखं टेकलेलं नव्हतं. एका कडेला व्हॉल्व्हच्या आतल्या पायरीची गोल खूण उमटलेली, समोरच्या कडेला काहीच नाही. सरळ बसलेली कडी गोल दाबते. ही अर्धीच दाबली होती.

तरी एक प्रयत्न केला: कडी करवतीने अलगद कापून काढली, नवी घातली, तिच्यावर जोडणीची पेस्ट लावली. तासाभरात पुन्हा ओलं. पाईपवर जुन्या कडीने खोबण पाडली होती आणि नवी कडी त्याच खोबणीत जाऊन बसत होती. कारण तेच, जागा तीच.

तिसऱ्या वेळी खालूनच सुरुवात केली. फळी उचलली, एल्बो कापून काढला, शाखेत ४ मि.मी. जास्त लांबीचा तुकडा घातला. कटरने कापल्यावर आतली वळलेली कड खरवडून काढली, ती तशीच राहिली तर १३.६ मि.मी.ची पोकळी उगाच अरुंद होते आणि पाणी तिथे आवाज करतं. फ्लक्स लावून डाग दिला. व्हॉल्व्ह जोडलेला नसतानाच ज्योत वापरली, कारण वर आधीच बसलेल्या टेपला आणि रबराला ती उष्णता पोचू द्यायची नव्हती. लाकडाला अग्निरोधक चटई लावली, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं, आणि काम संपल्यावर तासभर तिथून हलले नाही. भोक रेडिएटरच्या उलट बाजूला थोडं कानसून घेतलं.

मग जी परीक्षा मी आता प्रत्येक सांध्याला घेणार आहे ती घेतली. नट आणि कडी पाईपवर चढवून पाईप हात न लावता उभा सोडला. तो व्हॉल्व्हच्या तोंडाखाली बरोबर मध्यावर उभा राहिला. वर उचलला तर काही न घासता आत जाऊन पायरीवर टेकला. कडी बोटाने वर नेऊन सोडली, ती आपल्याच वजनाने खाली घसरली. नट दोन बोटांनी शेवटच्या आट्यापर्यंत फिरला. पाईप व्हॉल्व्हपर्यंत स्वतःहून आला पाहिजे, आपण तिथे त्याला धरून ठेवता कामा नये. या खेपेला तो आला होता. पान्याने फक्त एक फेरी दिली. तेवढीच पुरली.

पुरवठ्याच्या बाजूला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह आहे, डोकं आडवं ठेवून. उभं ठेवलं तर खालच्या पाईपची गरम हवा थेट त्याच्यावर येते आणि खोली गार असतानाच तो बंद होतो. आतला द्रव किंवा मेण तापून फुगतं आणि पिनला ढकलतं, एवढीच त्याची युक्ती. डेन्मार्कच्या मॅड्स क्लॉसेन यांनी ती १९४३ मध्ये रेडिएटरसाठी घडवली. विजेशिवाय, वर्षानुवर्षं चालणारी ही वस्तू मला फार आवडते. व्हॉल्व्हच्या अंगावरचा बाण मात्र पाहून घ्या. एकाच दिशेसाठी बनवलेला व्हॉल्व्ह उलटा बसला तर बंद होताना धाडधाड वाजतो.

भरताना दादा वर चावीशी फडकं घेऊन बसला आणि मी खाली भरणीच्या नळाशी. हवेची फुसफुस संपून पाण्याची सलग धार आली की त्याने हाक द्यायची. रिकामा रेडिएटर ३५ किलोच्या घरात, तोही त्याच्याशिवाय टांगता आला नसता.

शेवटचं काम पाण्याची वाटणी. ९७० वॉट आणि १० अंशांचा फरक धरला तर या रेडिएटरला मिनिटाला १.४ लिटर पाणी हवं. ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही, पण दोन्ही शेपट्यांना तापमापक बांधता येतो. लॉकशील्ड, म्हणजे परतीच्या बाजूचा व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा असताना आत ५५, बाहेर ५१: पाणी फार वेगाने जात होतं आणि पलीकडच्या खोलीतला रेडिएटर कोमट पडला होता. पाव-पाव फेरीने बंद करत गेले, दर वेळी वीस मिनिटं थांबून. एक फेरी उघडा ठेवल्यावर ५५ आणि ४६ वर स्थिर झाला, आणि पलीकडचाही नीट तापला. एका पावफेरीनंतर लगेच दुसरी देऊ नका, पत्र्यात सात-आठ लिटर पाणी आहे, त्याला आपलं तापमान ठरवायला वेळ लागतो.

उरला आहे जिन्याखालचा पाचवा. तिथे १० मि.मी.चा पातळ पाईप आहे, आणि त्याला वळवताना चेपू न देणं हे वेगळंच काम. आतली स्प्रिंग आणली आहे. या वेळी आधी रेडिएटर टांगणार, मग ओळंबा, आणि त्यानंतरच भोक.