चेक्सच्या शर्टवाले सभासद

२०१२ साली सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेसाठी मी सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल ५.५ हा डेटाबेस, काउंटरवरच्या एकुलत्या एका पीसीवर. फोटो आणि सहीचा नमुना कुठे ठेवायचा याचा मी दोन मिनिटंही विचार केला नाही. डेटाबेसच्या टेबलात ब्लॉबचे (म्हणजे फोटोसारखी फाइल जशीच्या तशी ठेवायचे) दोन कॉलम टाकले आणि चहाला गेलो.

पंधरा दिवसांनी तिथल्या क्लार्क काकांचा फोन. "सर, जरा येऊन बघा की. लोकांची नुसती मुंडकी यायला लागल्यात."

खरंच तसं होतं. टोपी, डोळे, मिशा अगदी नीट, गळ्याखाली सपाट राखाडी रंग. पण सगळ्यांचं नाही. काकांनी तोवर स्वतःच छडा लावला होता : पांढरा शर्ट असला की माणूस पुरता येतो, चेक्सचा शर्ट किंवा जरीची साडी असली की अर्धा. मला हसू आलं. सॉफ्टवेअरला शर्ट कसा कळणार?

कळत होता! फोटो सगळे एकाच कॅमेऱ्यातले, ६४० बाय ४८०. पण जेपेगमध्ये, म्हणजे फोटो दाबून ठेवायच्या फाइलीत, सपाट रंग थोडक्यात गुंडाळला जातो आणि बारीक चौकडी, जर, फुलाफुलांचं कापड आलं की फाइल फुगते. प्रत्येक फोटो किती बाइटचा आहे ते क्वेरी मारून बघितलं. ४१ हजार, ५२ हजार, आणि मग ओळीनं ६५५३५, ६५५३५, ६५५३५. साध्या ब्लॉबमध्ये तेवढंच मावतं. त्यापुढचं मायएसक्यूएलनं कापून टाकलं होतं आणि एक वॉर्निंग देऊन ठेवली होती, जी माझा कोड वाचतच नव्हता. (मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न मावणारा डेटा कापण्याऐवजी नाकारायची सोय, मुळातच चालू असतो, त्यामुळे आता सरळ एरर येते.) साधा जेपेग वरून खाली उलगडत जातो, म्हणून निदान डोकी तरी वाचली.

कॉलम मीडियमब्लॉब केला, म्हणजे १६ एमबीपर्यंत सोय. कापलेले बाइट मात्र थोडेच परत येणार! लोकांना पुन्हा बोलवावं लागलं. काकांचा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता, त्यांनी सगळ्यांना पांढऱ्या शर्टातच यायला सांगितलं.

पुढचं दुखणं वेगाचं. साधी नावांची यादी उघडायला मिनिटभर लागायचं, कारण मी सगळीकडे 'सिलेक्ट स्टार', म्हणजे टेबलातले सगळे कॉलम आण, असं लिहून ठेवलेलं. नाव दाखवायला हजारभर फोटो उचलून आणत होतो. शिवाय बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवायला गेलो तर 'सर्व्हर हॅज गॉन अवे'. तेव्हा एका पॅकेटची, म्हणजे सर्व्हरला एका दमात पाठवायच्या डेटाची, मर्यादा १ एमबी असायची, आणि डंपमधली (बॅकअपच्या फाइलीतली) एकेक ओळ त्याहून लांब. ती वाढवून काम झालं, पण मी वैतागलो आणि सगळ्या फाइली फोल्डरमध्ये हलवल्या. टेबलात फक्त पाथ, म्हणजे फाइल कुठे आहे तो पत्ता. कोणालाही विचारलं तरी हाच सल्ला मिळतो.

दीड वर्षानं हार्डडिस्क गेली. काकांनी रोज संध्याकाळी न चुकता पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतला होता, पण तो फक्त डेटाबेसचा. फोल्डरचा बॅकअप घ्यायचा हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. डेटा परत चढवला : पत्ते सगळे शाबूत, घरं गायब.

पुन्हा फोटो. एका आजींनी विचारलं, "आता तिसऱ्यांदा का रे बाबा?" काय सांगणार.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा २००६ चा एक पेपर नंतर वाचनात आला. एसक्यूएल सर्व्हर (त्यांचा डेटाबेस) आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची व्यवस्था) यांवर मोजून त्यांनी ढोबळ निष्कर्ष काढलाय : २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, १ एमबीपेक्षा मोठ्या फाइल सिस्टिममध्ये. पासबुकावरच्या फोटोला एवढा आकार लागतोच कुठे? पण माझ्या लेखी आकारापेक्षा बॅकअप कोण घेतंय हे मोठं. जिथे एक माणूस, एक बटण आणि एक पेन ड्राइव्ह आहे, तिथे मी फोटो टेबलातच ठेवतो, कोण काय म्हणेल ते म्हणो. व्हिडिओ असते तर ठेवले नसते.

आता सेव्ह करण्याआधीच फोटो ३०० पिक्सेल रुंद करतो, २५ केबीच्या आसपास बसतो. फोटो-सह्यांचं टेबल वेगळं, किल्ली सभासद क्रमांक, त्यामुळे यादीच्या वाटेत ते येतच नाही. डंप हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहून, घेतो, म्हणून चित्रांचा आकार दुप्पट होतो. तरी चौदाशे सभासदांचा सगळा संसार शंभर एमबीच्या आत मावतो आणि रोज संध्याकाळी काकांच्या शर्टाच्या खिशातून घरी जातो.